कोन येस?

६ जाने., मंगळ. धुळे
नववा नकार. ह्या वेळी शिरपूरच्या एका शाळेचा. खाली 'आपल्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा'. माझं भविष्य सगळ्यांनाच उज्ज्वल दिसतं, फक्त ते त्यांच्या ऑफिसात नको असतं. मी शिकवत होते ती शाळा बंद पडून दीड वर्ष झालं. घरात कुणी टोचून बोलत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो. मनोज म्हणाला, "होईल गं." नवऱ्याने म्हणायला वाक्य ठीक आहे, पण दीड वर्षात त्याने त्यातला एक शब्द बदललेला नाही.
भरीत केलं. राग वांग्यांवर काढला. चांगलं झालं.

८ जाने., गुरु.
जाहिरात सापडली. जळगावची बियाण्यांची कंपनी. हेल्पलाइनवर बसून शेतकऱ्यांच्या फोनला उत्तरं द्यायची. बी.एस्सी. हवी, ती आहे. ट्रेनिंग जळगावला, मग कायम धुळ्याच्या ऑफिसात. ऑफिस देवपुरातच, घरापासून चालत पंधरा मिनिटं. वाचता वाचता मी मनात डबा भरायला घेतला. मग शेवटची ओळ: 'अहिराणी अस्खलित बोलता येणे आवश्यक. मुलाखत त्याच बोलीत होईल.'
चारदा वाचली. लोक मुलाखतीला जाताना अहिराणी घरी ठेवून जातात. इथे नेमकी तीच मागताहेत, आणि माझ्याकडे नाही. समजते सगळी. बोलायला गेलं की एक वाक्य निघत नाही. आईने कधी निघू दिलं नाही.
अर्ज केला. 'अस्खलित'वर टिक केली. देव बघून घेईल.

९ जाने.
जळगावला आईला फोन. आईचं माहेर शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. म्हणजे तिची जन्माची बोली. विचारलं, शिकवशील का.
"मला नाही येत ती."
आई, अठरा वर्षं तिथे वाढलीस.
"विसरले." आणि गच्चीवरची टाकी कशी गळते ते सांगायला लागली.
आई बातम्या देणाऱ्या बाईसारखं मराठी बोलते. अजूनही. लहानपणी मी गल्लीतून 'माले', 'तुले' उचलून आणलं की जेवायच्या आधी धुवायला पाठवायची. हात नव्हे, तोंड.

१० जाने., शनि.
राहिले आबा. माझे सासरे. शिंदखेडा तालुक्यात पोस्टमन होते, सायकलवर गावंच्या गावं पालथी घातलेली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे घरात बाईमाणूस मी एकटी. आणि आठ वर्षं आबा माझ्याशी छापील मराठीत बोलतात. 'सूनबाई, आपला चहा झाला का?' मला वाटायचं माणूसच तसा आहे.
आज भीत भीत म्हटलं, आबा, मला अहिराणी शिकवाल?
पेपर खाली ठेवला. चष्मा काढला.
"तू जळगावनी, त्यामा मास्तरीन. लगीनना टाइमले मनोज्यानी माले सांगं, आबा, नीट बोला. आठ वरीस व्हयनात. मी या घरमा तोंड बांधीसन बठेल शे."
मग जे सुरू झाले ते चहापर्यंत थांबले नाहीत. मला निम्मं समजलं, निम्म्याला नुसती हसले. आपल्याच घरात एक माणूस आठ वर्षं पाहुण्यासारखा वागत होता आणि आपण त्याच्या मराठीचं कौतुक करत होतो. लाज वाटली.

१२ जाने., सोम.
आबांची पद्धत: ते बोलणार, मी तसंच म्हणायचं. वही चालत नाही. "बोली कानमा राहस, वहीमा नही." आठे म्हणजे इथे, तठे तिथे, कव्हय केव्हा, काबरं का. मी 'पाणी' म्हटलं की ते 'पानी' करून परत देतात.
भाजीवाल्यावर प्रयोग केला. "मेथी कशी शे, भाऊ?" त्याने माझ्याकडे वर-खाली बघितलं. "ताई, हिंदी में बोलो."

१४ जाने.
आजचा शब्द: येस. म्हणजे येतो, येते, येतेस, सगळं. मी येस, तू येस, तो येस. तसंच जास, करस, आणि पितो म्हणजे पेस. आबा म्हणाले, इंग्रज लोक नुसतं 'हो' म्हणायला हा शब्द वापरतात, आपल्याकडे तेवढ्यात माणूस घरी येऊन टेकतो.
तीळगूळ वाटताना आबा सगळ्यांना सांगत होते, "मनी सून अहिराणी शिकी राहिनी." शेजारच्या काकू म्हणाल्या, अगंबाई, इंग्लिश शिकायचं सोडून?

१५ जाने.
मनोजने दुकान लवकर बंद करून मुलाखत घेतली. इंटरनेटवरचे प्रश्न, तेही शुद्ध मराठीत. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" माझ्या आधी आबाच बोलले, "आठेच. जाशी कोठे?"
पुढचा प्रश्न: "तुमच्यातले दोष सांगा." मी जरा विचार करत होते, तेवढ्यात मनोज मदत म्हणून स्वतःच सांगायला लागला. सहाव्या दोषाला मुलाखत संपवली.

१८ जाने., रवि.
दूध उतू गेलं आणि तोंडातून निघालं, "हाई काय व्हयनं!" बाहेरून आबा ओरडले, "पास!"
आता डोक्यातही तीच चालते. मनोज म्हणतो, त्याला माहेरी आल्यासारखं वाटतंय. स्वतःच्याच घरात.

२० जाने.
बोलावणं आलं. शुक्रवारी अकरा वाजता, जळगाव. आबांनी ऐकलं आणि उगाच दोन वेळा अंगणात जाऊन आले.

२२ जाने., गुरु. जळगाव
दुपारच्या एसटीने आईकडे. पारोळ्यापर्यंत शेजारी एक बाई बसल्या होत्या, त्यांच्याशी बोलायचं ठरवलं होतं, पण त्या झोपल्या.
आईने साडीला इस्त्री करून ठेवली होती. कसली मुलाखत, कुठल्या बोलीत, अवाक्षर नाही. जेवताना सवयीने म्हणाली, "उद्या शुद्ध बोल. शुद्ध बोललं की माणसं मान देतात." मग लक्षात आलं असावं. भात वाढायला उठली. माझ्या पानात भात होता.

२३ जाने., शुक्र.
सगळं लिहून ठेवते, नाहीतर मनोजला सांगताना तिखटमीठ लावीन.
बाहेर माझ्यासकट सात उमेदवार. सगळे स्वतःशी पुटपुटत होते. एक जण आजीला घेऊन आला होता. आम्हा सहा जणांना एकच भीती, आजीलाच घेतील.
आत तिघं. पुण्याच्या एच.आर. मॅडम, लॅपटॉपवाले शेतीतज्ज्ञ साहेब, आणि टोपीवाले एक म्हातारे गृहस्थ. कंपनीचे सगळ्यात जुने फील्डवाले, सगळे त्यांना नाना म्हणतात. मी दार वाजवून आत डोकावले. मॅडमनी मान वर केली आणि विचारलं, "येस?"
बारा दिवस मी आबांच्या तावडीत होते. मी मागे वळून बघितलं. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. मी विचारलं, "कोन येस?"
मग नानांच्या नाकातून चहा आला. मॅडम विचारत होत्या काय झालं, साहेब नानांची पाठ चोळत होते, नाना हात हलवत "येस, येस" म्हणत होते आणि मॅडमना वाटलं त्यांना आता बरं वाटतंय. मी दारातच. मला तेव्हा कळलं मी काय केलं. परत धुळ्याला जावं असं वाटलं, पण तोवर साहेबांनी खुर्ची दाखवली.
मग नाना शेतकरी झाले. "मनं बियानं उगनं नही. आते काय करू, तूच सांग." एकदम तापलेला आवाज. मी सगळं विचारलं. कव्हय पेरं, पानी कव्हय दिधं, कितला दिन व्हयनात. बरं चाललं होतं. मग नानांनी मधेच बोली बदलली, पार जामनेरकडची. "माह्या केयीले काय होऊ राह्यलं वं बाई..." पुढचं डोक्यावरून गेलं. केयी म्हणजे काय? मी म्हटलं, "माले नही समजनं नाना, आखो एकदाव सांगा." नानांनी परत सांगितलं. केयी म्हणजे केळी. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. नंतर म्हणाले, आधीचे चौघं न समजताच 'हो हो' म्हणाले आणि एकाने केळीला कपाशीचं औषध दिलं.
म्हटलं, जमलं. तेवढ्यात नानांनी विचारलं, "बाई, तुम्ले कोन्ही शिकाडं?"
आबांनी. सासरे.
"तव्हयच. मघापाईन तुम्ही 'मी लिखी राहिनू, मी देखी राहिनू' करी राहिन्यात. ते बाप्यानं बोलनं शे. बाई 'राहिनी' म्हनस."
म्हणजे बारा दिवस मी पुरुषासारखी बोलत होते. 'मी लिहितो, मी बघतो.' आबा जसे बोलले तसं मी म्हणत गेले, आणि कानाला गोड लागलं म्हणून मनोजनेही टोकलं नाही. विचारते त्याला.
नाना म्हणाले, निम्मे फोन बायकांचे असतात. घरात कुणी बोलणारी बाई असेल तर तिच्याकडून शिका.

तोच दिवस, संध्याकाळ
आईला सगळं करून दाखवलं. दारात उभी राहून, मागे वळून, "कोन येस?" मला वाटलं हसेल.
नाही हसली. गॅस बंद केला.
म्हणाली, "लग्न होऊन मी इथे नवी होते. क्वार्टर्समध्ये हळदीकुंकू होतं. कुणीतरी पाणी मागितलं. मी म्हणाले, मी पानी लई येस. घेऊन येते, एवढंच." आणि थांबली. "मग सगळ्या, येस मॅडम, येस मॅडम. पाच वर्षं मला येसबाई म्हणत होत्या. तुझ्या बारशालासुद्धा."
मी दारातून आत आले.
"त्याच शब्दावर माझं हसं झालं," आई म्हणाली, "आणि तुला त्यावर नोकरी मिळेल." रागाने नाही म्हणाली. टाकी गळते हे ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात.
मला फार वाईट वाटलं. नोकरी मिळावी असंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

२४ जाने., शनि.
निवड झाली. फोन आला तेव्हा मी दात घासत होते, मॅडमना माझं 'थँक्यू' कळलं की नाही कोण जाणे. अट अशी: मंगळवारपासून ट्रेनिंग, ९ फेब्रु.ला शेवटची चाचणी. नाना फोन करणार, कधी बाप्या होऊन, कधी बाई होऊन. 'राहिनू' निघालं तर नोकरी नाही. आजीवाल्याचं नाव प्रतीक्षायादीत पहिलं आहे.
आबांना कळवलं. फोनवर म्हणाले, "बठ्ठा गावले सांगी दिधं मी." सगळ्या गावाला? कधी सांगितलंत, आबा? "काल."
काल तर निकालच नव्हता.

२८ जाने., बुध.
ट्रेनिंग. रोग, किडी, औषधं येतात. 'राहिनी' येत नाही. आरशासमोर दहा वेळा म्हणते आणि पहिल्याच सरावाच्या फोनला 'राहिनू'. आज एक खरा शेतकरी बोलत होता, म्हणाला, "भाऊ, तुमना आवाज बारीक शे. बिमार शे का?" नानांनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन हसून आले.
शेजारच्या टेबलावरची मुलगी जामनेरची. ती 'राह्यली' म्हणते. तिच्याकडून शिकायला गेले तर आता तिसरंच काहीतरी निघतं.

१ फेब्रु., रवि.
आबांना फोन. म्हटलं, सासूबाई कशा बोलायच्या तसं बोलून दाखवा ना. आधी नाही नाही म्हणाले, मग बारीक आवाज काढला. "तुनी सासू म्हने, जेवाले चला वं, मी कव्हयनी वाट देखी राहिनी..." आणि थांबले. मी वाट बघितली. पलीकडून मनोजचा आवाज, आबा, काय झालं?
मग आबा म्हणाले, "बाईनं बोलनं बाईनीच शिकाडाले जोयजे. आज नको."
मी उगाच विचारलं.

४ फेब्रु.
आईला पुन्हा. "मला येत नाही म्हटलं ना." हातातली पोळी लाटतच राहिली, कागद झाला तिचा.

६ फेब्रु., शुक्र.
भांडण. मी म्हटलं, आई, हसल्या त्या, चूक त्यांची. तू का तोंड धुतलंस?
"पस्तीस वर्षं उशिरा सांगितलंस."
मी तेव्हा जन्मलेही नव्हते, आई.
"म्हणून तर तुझंही धुतलं," म्हणाली. "तुझं तरी कुणी हसं करू नये."
नंतर दोघी जेवलो. मीठ कमी होतं, कुणीच बोललं नाही. सोमवार तीन दिवसांवर. ही नोकरी गेली तर दहावा नकार आईच्या घरातून येईल, आणि तो मी तिला माफ करीन की नाही मला माहीत नाही. असं लिहायला नको, पण खरं आहे.

८ फेब्रु., रवि.
दुपारी पुढच्या खोलीत वही घेऊन बसले होते. आई मागच्या ओट्यावर डाळ निवडत होती. फोन वाजला. स्क्रीनवर 'आई'.
चुकून लागला असेल म्हणून उचलला.
"हॅलो. बियानावाला शेतस का?"
आवाज फोनमधून येत होता आणि स्वयंपाकघराच्या दारातूनही. मागोमाग. वही पुढे ओढली आणि म्हटलं, "हा अक्का, सांगा."
"मी यमुना बोली राहिनी." आणि गावाचं नाव सांगितलं. यमुना म्हणजे आईच. लग्नात नाव बदलून मीनाक्षी केलं होतं, यमुना मी फक्त तिच्या सातवीच्या दाखल्यावर वाचलं आहे. "मना हरभरामा अळी पडेल शे."
"कितला दिन व्हयनात, अक्का?"
"तीन दिन."
"बरं, मी लिखी राहिनू..."
"राहिनी." हे फोनमधून नव्हतं, ओट्यावरून होतं, मोठ्याने. मग फोनमध्ये, हळू: "राहिनी म्हन बेटा. बाई शे ना तू?"
राहिनी, मी म्हटलं. लिखी राहिनी. देखी राहिनी. आई एकेक वाक्य टाकत गेली, मी उचलत गेले. मग कधीतरी तिने वाक्यं टाकणं सोडलं आणि नुसती बोलायला लागली. त्यांच्या विहिरीवरच्या रहाटाबद्दल, मोहाची फुलं वेचताना धाकटी बहीण झाडाखालीच झोपून गेली होती त्याबद्दल, होळीला नाचून पायाला फोड आलेले तरी परत जायची त्याबद्दल. मधे हसली. आईचं ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं, छापील मराठीत ती तसं हसत नाही. चाळीस मिनिटं. अळीचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि वहीवर सगळीकडे 'राहिनी राहिनी' लिहिलेलं होतं.
ठेवते म्हणाली आणि ठेवला.
तोंड धुऊन मागे गेले. आई डाळ निवडत होती. मान वर न करता, बातम्या देणाऱ्या बाईच्या मराठीत:
"कुणाचा फोन होता एवढा वेळ?"
एक अक्का होत्या, म्हटलं. हरभऱ्यात अळी पडलीय त्यांच्या.
"मग? काय सांगितलंस?"
सांगायचं राहूनच गेलं. म्हटलं, उद्या परत फोन करा.
आईने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.
"करील ती," म्हणाली.
चाचणी उद्या अकराला.